किरकोळ रजा

महसूल खात्यात ३४ वर्षे चाकरी करून, बारनिशीच्या टेबलापासून अव्वल कारकुनाच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या, आणि त्या खुर्चीवरून यथोचित सन्मानाने, म्हणजे एक शाल, एक श्रीफळ आणि एक बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ घेऊन निवृत्त झालेल्या मनुष्याला घरी बसल्यावर पहिल्या आठवड्यातच जी गोष्ट कळून चुकते ती ही की, ज्याच्यावर आपल्याला शेरा मारता येईल असा एकही कागद आता आपल्यापुढे येणार नाही. दुधाचा हिशेब येतो, विजेचे देयक येते. पण त्यांवर टिप्पणी लिहून 'सबब सादर' म्हणून ती कोणाकडे पाठवावी, तर वरिष्ठ एकच, आणि त्या स्वयंपाकघरात. अशा या रिकामपणाच्या चौथ्या वर्षी आमची नात बारावीच्या, आणि बारावीहूनही अधिक 'नीट' नामक वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठी वसतिगृह सोडून आमच्या लातूरच्या घरी राहावयास आली, तेव्हा पुस्तकांच्या चार खोक्यांमागून रिक्षातून जे पाचवे सामान उतरले ती माझी गेलेली नोकरीच होती, असे मला वाटले.

लातुरात राहणाऱ्यास या परीक्षेविषयी काही सांगावे लागत नाही. लातुराबाहेरच्यांसाठी दोन शब्द. गंजगोलाईपासून सोळा रस्ते फुटतात आणि त्यांतून पूर्वी तूर, हरभरा आणि अडत्यांच्या पागोट्यांची वर्दळ असे. आजही तूरडाळीचा व्यापार मोठाच आहे. परंतु गावाची खरी बाजारपेठ आता ट्यूशन एरियात भरते. तेथे अभ्यासिकेतील एक खुर्ची महिन्याच्या भाड्याने मिळते, रिक्षावाल्यास मागील वर्षाचा कटऑफ तोंडपाठ असतो, आणि मेसवाल्या मावशी वरण वाढता वाढता 'रिपीटर आहेस का बाळ?' असे विचारून मुलाची भूक निम्मी करतात. परीक्षा १८० प्रश्नांची, त्यांतील निम्मे जीवशास्त्राचे, उरलेले रसायन आणि भौतिकशास्त्र यांनी सारखे वाटून घेतलेले. वेळ १८० मिनिटे आणि गुण ७२०. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास वजा एक, आणि काहीच न लिहिल्यास शून्य. हा शेवटचा न्याय मला तत्काळ ओळखीचा वाटला. आमच्या खात्यात तो पूर्वापार चालत आलेला होता: फायलीवर काहीतरी लिहिणारा केव्हा ना केव्हा अडकतो, आणि काहीच न लिहिणारा सुखरूप निवृत्त होतो. २०२५ साली या परीक्षेसाठी २२ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदविली आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून लाखाच्या थोड्या वर. एवढे अर्ज आणि एवढी अल्प तरतूद पाहून कोणाही अनुभवी कारकुनास भरून यावे.

मी कामाला लागलो. फुलस्केप कागदावर लाल शाईने रकाने आखून पहाटे ५ ते रात्री ११ असे वेळापत्रक तयार केले, ज्यात अर्ध्या तासाहून लहान असा काळाचा कोणताही तुकडा बेवारस राहिला नव्हता. त्याशिवाय तीन नोंदवह्या घातल्या. पहिली हजेरीची, दुसरी दर रविवारच्या टेस्टच्या गुणांची, आणि तिसरी, तिला न समजलेल्या शंकांची, जिच्यावर मी सवयीने 'प्रलंबित प्रकरणे' असे लिहून टाकले. दारावरच्या घंटीची तार काढून ठेवली. दूरदर्शन संचावर चादर घातली गेली. पुढे आमच्या सौभाग्यवतींनी ती चादर अधिकाराने दूर करून आवाज बंद ठेवून मालिका पाहण्याचा प्रघात पाडला आणि आवाजावाचून कथानकाचे यत्किंचितही नुकसान होत नाही, असा अभिप्राय दिला. कुकरच्या शिट्ट्यांवरही बंधन घालण्याचा माझा विचार होता. परंतु त्या प्रस्तावावर 'मग वरणही कच्चंच खा' असा शेरा येऊन तो निकाली निघाला.

श्रावण गेला, गणपती गेले, आणि दसऱ्याच्या सुमारास पहिले लक्षण दिसले. मुलगी पुस्तकातील महत्त्वाच्या ओळींवर पिवळा रंग फासत असे. एके दिवशी पाहतो तो अख्खे पान पिवळे, आणि त्याच्या पुढचेही. तिला हटकले तर म्हणाली, "आबा, महत्त्वाचं नसलेलं सापडेना." त्याच आठवड्यात आजीने 'दूध गरम देऊ का गार?' असे विचारले असता ती क्षणभर शून्यात पाहत राहिली आणि म्हणाली, "यांपैकी नाही." रात्री अकराला ती पुस्तक मिटून गादीवर पडे आणि बारापर्यंत डोळे उघडे, सकाळी पाचला उठे ती आदल्या रात्रीहून अधिक थकलेली. वाचते खरी, पण आत काही शिरत नाही, भरलेल्या रांजणावर पाणी ओतावे तसे बाजूने वाहून जाते, असे तिने स्वतःच सांगितले. तेव्हा, मी सखेद नमूद करतो, मी वहीत एक नवा रकाना आखला आणि त्याला 'गळती' असे नाव दिले.

माझीही अवस्था काही निराळी नव्हती, हे मी त्या वेळी कोणास सांगितले नाही. वर्तमानपत्रातील एकच अग्रलेख मी तीनदा वाची आणि तिसऱ्यांदाही तो कोणाच्या बाजूचा आहे हे समजत नसे. अर्थात हा दोष सर्वस्वी माझा होता असे मानण्याचे कारण नाही. रात्री दोनला दचकून जागा होई आणि रेणूंचे वजन काढण्याची पद्धत मला येत नाही या जाणिवेने घाम फुटे, वास्तविक ती मला येण्याची अपेक्षा पृथ्वीच्या पाठीवर कोणीही केलेली नव्हती. पुढे एका पुस्तकात अंजेलो मोसो नामक इटालियन शरीरशास्त्रज्ञाची हकीकत वाचावयास मिळाली आणि जिवाला धीर आला. ट्युरिन येथील या गृहस्थाने थकवा मोजण्याचे एक यंत्र बनविले होते. त्यात बोटाला दोरीने वजन बांधावयाचे, ते पुनःपुन्हा उचलावयाचे, आणि बोट हळूहळू कसे हार खाते याची रेषा फिरत्या नळकांड्यावरील कागदावर उमटावयाची. १८९१ साली त्याने थकव्यावर ग्रंथ लिहिला. त्यातील मला भावलेला प्रयोग असा की, विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या एका सहकाऱ्याचे बोट त्याने यंत्राला लावले, तेव्हा ते बिचारे बोट नेहमीच्या मानाने फार लवकर थकले. परीक्षा देणाऱ्यांचा शीण जगाला ठाऊक होता; परीक्षा घेणाऱ्याचा शीण शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध करणारा हा पहिला माणूस, आणि माझ्या मते त्याचे एखादे तैलचित्र प्रत्येक पालकसभेत लावण्यास हरकत नसावी.

एव्हाना मुलीच्या थकव्याची वार्ता गल्लीत पसरली होती आणि उपायांचा ओघ सुरू झाला होता. शेजारच्या काकूंनी ब्राह्मीचे तेल आणले, समोरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी रात्री भिजविलेले सात बदाम सांगितले, आणि सात का, सहा का नाहीत, याचे शास्त्रीय कारणही सांगितले, जे मी विसरलो, बहुधा बदाम न खाल्ल्यामुळे. क्लासमध्ये एका वक्त्याचे प्रेरणादायी व्याख्यान ठेवण्यात आले. तो दोन तास तारस्वरात बोलला आणि मुले घरी आली तेव्हा त्यांच्यात रात्रभर अभ्यास करण्याची जबर इच्छा आणि बसण्याचीही शक्ती नाही, अशी चमत्कारिक स्थिती होती. यशस्वी विद्यार्थ्यांच्या मुलाखती हा आणखी एक प्रकार. त्या वाचल्या की असे दिसते की देशात पहिल्या येणाऱ्या मुलांनी रोज आठ तास झोप घेतली, छंद जोपासले, आईला स्वयंपाकात मदत केली आणि मनावर ताण म्हणून येऊ दिला नाही. मग ताण घेतला कोणी, तर त्यांच्या मुलाखती वाचणाऱ्या उरलेल्यांनी. तिच्या एका मैत्रिणीने टोमॅटोची युक्ती सांगितली. हीही इटलीचीच. १९८० च्या दशकात चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ समोर ठेवून, पंचवीस मिनिटे अभ्यास आणि मग पाच मिनिटे विसावा, असा क्रम लावला. युक्ती उत्तम आहे. फक्त तिच्या विसाव्याची पाच मिनिटे चालू होताच मी दाराशी जाऊन 'किती झालं?' असे विचारीत असे, आणि ते सांगण्यात चार मिनिटे जात.

येथे माझी मूळ चूक होती, पण ती मला दिसत नव्हती. जो जो उपाय येई त्याला मी वेळापत्रकात जागा देई. ५-१० ते ५-२० प्राणायाम, ५-२० ते ५-२५ सकारात्मक विचार, ९-४० ते ९-४५ मनमोकळे हसणे. एके सकाळी मुलगी दीर्घ श्वास घेता घेता मध्येच थांबली आणि तिने विचारले, "आबा, प्राणायामाची टेस्ट कोणत्या रविवारी?"

या व्याधीला इंग्रजी जाणणारे लोक बर्नआऊट म्हणतात. हा शब्द त्या अर्थाने रूढ केला तो न्यूयॉर्कच्या फ्रॉयडनबर्गर या मनोवैद्याने, १९७४ साली, स्वतः एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबून राबून राख झाल्यावर. तेव्हा म्हटले, दुखणे अधिकृत आहे तर त्याच्या अधिकृत सवलतीही असतील. म्हणून मी जागतिक आरोग्य संघटनेचे त्याविषयीचे टिपण मुलाकडून मोबाईलवर काढून घेतले. २०१९ साली संघटनेने या शिणाला आपल्या रोगसूचीत स्थान दिले आहे, परंतु रोग म्हणून नव्हे. आणि शिवाय स्पष्ट ताकीद दिली आहे की, ही संज्ञा फक्त नोकरीधंद्यातून आलेल्या थकव्यास लागू असून आयुष्याच्या अन्य क्षेत्रांस लावू नये. म्हणजे बारावीची मुलगी अपात्र, कारण तिला नोकरी अजून लागावयाची होती. आणि मीही अपात्र, कारण माझी संपली होती. ३४ वर्षांत मी असंख्य अर्ज 'निकषात बसत नाही' म्हणून परत केले; ते वाक्य स्वतःला लागले की कसे लागते, याचा अनुभव मात्र त्या दिवशी प्रथम आला.

नोव्हेंबरात एका रात्री नातीने जेवणाचे ताट सरकवले ते जरा जोरात सरकले आणि आमटी माझ्या धोतरावर आली. सौभाग्यवती घाबरल्या. मी त्यांना चीनमधील होंग शिऊच्वान याची गोष्ट सांगितली. तिकडच्या बादशाही अमदानीत सरकारी चाकरीसाठी जी परीक्षा असे, तिच्यात हा गरीब घरचा हुशार मुलगा वारंवार नापास झाला. १८३७ सालच्या अपयशानंतर अंथरुणाला खिळून त्याला चित्रविचित्र दर्शने झाली. पुढे आणखी एकदा नापास झाल्यावर आपण येशूचे धाकटे बंधू आहोत असा त्यातून त्याने अर्थ लावला. आणि त्याने उभारलेले बंड चौदा वर्षे चालून त्यात कोट्यवधी माणसे मेली. ही हकीकत ऐकून त्यांना धीर येईल असा माझा अंदाज होता. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला रोज पाचला उठवता?" मग बराच वेळ आम्ही दोघे काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सायंकाळी टेस्टचे गुण आले: ७२० पैकी ३४०. वहीत नोंद करताना, हात पूर्वीचाच असल्यामुळे, मी नकळत त्याची आणेवारी काढली आणि समासात लिहिले, '४७ पैसे.' आणि लेखणी थांबली.

आणेवारी म्हणजे काय हे शहरी वाचकांस सांगितले पाहिजे. आणे चलनातून जाऊन जमाना लोटला आणि सरकारी कागदात आता पैसेवारी असा शब्द आला, तरी गावात अजून आणेवारीच म्हणतात. चांगल्या वर्षाच्या पिकाला रुपया धरून यंदा किती पैसे पीक हाती आले याचा गाववार अंदाज करावयाचा. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. हा आकडा ५० पैशांच्या आत आला की गावावरील संकट कागदोपत्री मान्य होते, आणि मग सरकार, जे एरवी साऱ्याची एक पै सोडत नाही, ते एकदम निराळ्या आवाजात बोलू लागते. जमीन महसुलात सूट मिळते. कर्जाच्या वसुलीस स्थगिती मिळते. वीजदेयकात सवलत, गरज तेथे टँकर. इतकेच काय, विद्यार्थ्यांना परीक्षेची फीदेखील माफ होते. हे हुकूम मी स्वतःच्या हाताने शेकडो गावांसाठी टंकित करविले होते. २०१६ साली याच लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या वर्षी जिल्ह्यात वसुलीसाठी कोणी शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला असता तर लोकांनी त्याला वेडा ठरविले असते. आणि मी काय करीत होतो? ४७ पैसे आणेवारीच्या गावात पहाटे पाचला उठून सक्तीची वसुली करीत होतो, आणि गळतीचा रकाना भरीत होतो.

त्या रात्री पहिला हुकूम निघाला: एक आठवडा वसुलीस स्थगिती. मुलगी साशंक झाली. "म्हणजे नेमकं काय करायचं नाही, आबा?" तिने विचारले. प्रश्न बिनतोड होता, कारण तिला विश्रांती मिळत नव्हती असे मुळीच नाही. ती विश्रांती घेत होती, पण चोरून. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मोबाईल ठेवून ती चाळीस चाळीस मिनिटे मांजरांची चित्रे पाहत असे, हे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होते. त्या चाळीस मिनिटांत तिचा एक कान दाराकडे, एक डोळा घड्याळाकडे, आणि मन अपराधाच्या हिशेबात. मग तिथून उठताना ती बसली होती त्याहून जास्त दमलेली. मला माझे जुने दिवस आठवले. साहेब दौऱ्यावर असताना कचेरीतून गुपचूप सटकून कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेतलेला चहा मला कधी गोड लागला नाही. आणि तोच मी, रीतसर मंजूर झालेल्या अर्जित रजेवर पंढरपूरच्या यष्टीत खिडकीला डोके टेकून, शेजारच्या बाईच्या कोंबडीसुद्धा, काय गाढ झोपलो होतो! दोन्ही वेळा काम बंदच होते. फरक होता तो एका सहीचा.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१, हे पुस्तक मी निवृत्तीनंतरही रद्दीत घातले नव्हते. अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, असाधारण रजा, असे तिचे भेद पुष्कळ. पण त्या साऱ्यांत माझी लाडकी म्हणजे नैमित्तिक रजा, जिला कचेरीत आम्ही किरकोळ म्हणत आलो. वर्षाला आठ दिवस. हिची गंमत अशी की, शास्त्रार्थाने ही रजाच नव्हे. किरकोळ रजेवर गेलेला कर्मचारी कामावर गैरहजर समजला जात नाही. तो घरी मटाराच्या शेंगा सोलीत बसलेला असो वा मेव्हणीच्या लग्नात पंगती वाढीत असो, सरकारच्या दृष्टीने तो कामावरच असतो. उपनिषदांत असे गूढ काही असल्यास मला कल्पना नाही. हे नियम करणारा जो कोणी अज्ञात अधिकारी असेल, त्याला माणसाच्या मनाची मोसोहून अधिक जाण होती, असे माझे नम्र मत आहे.

मी नातीसाठी नियमावली केली. महिन्यास चार किरकोळ रजा, शिवाय रोजची चाळीस मिनिटे; अर्ज लेखी पाहिजे; मंजूर रजेच्या काळात अर्जदारास पुस्तक उघडण्यास मनाई, आणि पर्यवेक्षी अधिकाऱ्यास दाराशी येऊन 'काय चाललंय?' असे विचारण्यास सक्त मनाई. हे शेवटचे कलम सौभाग्यवतींनी घालावयास लावले. नामंजूर अर्जावर अपील त्यांच्याकडे. पहिला अर्ज दुसऱ्याच दिवशी आला. 'महोदय, विनंती अर्ज सादर करते की, मला आज रात्री ८ ते ८-४० या वेळेत गच्चीवर जाऊन काहीही न करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.' मी तो 'कारण नमूद नाही' अशा त्रुटीसह परत केला. पाच मिनिटांत पूर्तता होऊन आला: 'कारण : कारण नाही.' मी चष्मा पुसत विचार करीत आहे हे पाहून आतून अपिलाचा निकाल तोंडी जाहीर झाला: "द्या की हो ती रजा! का बंगला लिहून मागायलीय पोरगी?" मी सही केली. त्या रात्री ती गच्चीवर गेली, आणि मी खाली जिन्याशी उभा राहून, नियमांचे तंतोतंत पालन करीत, काहीही विचारले नाही. फार अवघड गेले.

खरी कसोटी मार्गशीर्षातल्या अवसेला लागली. वेळ अमावास्या, आमच्या बोलीत येळवस, हा सण लातूर-धाराशिवकडच्या माणसाखेरीज कोणाला समजावून सांगणे कठीण आहे. त्या दिवशी अख्खे गाव रानात जाते. जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देते, आणि जे क्लास दिवाळीतही हात आखडून सुट्टी देतात त्यांच्याही दारांना कुलुपे दिसतात. संचारबंदी लागल्याप्रमाणे रस्ते ओस. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी शेतवाला आग्रहाने ओढून नेतो. नातीने अर्ज केला होता पूर्ण दिवसाचा, कारणाच्या रकान्यात 'भज्जी' एवढाच शब्द. असा सबळ हेतू मी संबंध सेवाकाळात पाहिला नव्हता.

औसा तालुक्यात माझ्या धाकट्या भावाचे रान आहे. काळी जमीन, हुरड्यात आलेली ज्वारी, मध्ये हरभऱ्याचे पट्टे. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच पांडव. भावाने डोक्यावर बिंदगी घेऊन आंबील आणली. पूजा झाली, शिवारात पाणी शिंपडून झाले, आणि मग ती भज्जी. हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे कोवळे दाणे, मेथी, चुका, चिंच आणि अजून काय काय, सगळे बेसनात एकत्र शिजून आपापली जात विसरलेले. सोबत बाजरीचे उंडे. जीवशास्त्राच्या दृष्टीने तीत किती कुळांच्या वनस्पती आहेत हे मी विचारणार होतो. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी उंडा मोडला.

एक कबुली येथे दिली पाहिजे. पिशवीच्या तळाशी, भाकरीच्या फडक्याखाली, मी रसायनशास्त्राचा एक प्रश्नसंच घालून आणला होता. वेळ मिळालाच तर, असा विचार. तो सौभाग्यवतींना सापडला. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी तो काढला, नीट दुमडला, आणि ऊन ऊन भज्जीच्या पातेल्याखाली चुंबळीसारखा सरकवून दिला. आणि ज्या मुलीसाठी तो आणला होता ती दुपारी कोपीच्या सावलीत घोंगडीवर आडवी झाली आणि अशी झोपली की भावाच्या नातवंडांनी तिच्या पायांशी ढाळ्यांचा ढीग रचला, जवळच कोणी ट्रॅक्टर चालू केला, तरी तिचा श्वास हलला नाही. दसऱ्यापासून तिला इतकी स्वस्थ झोपलेली मी पाहिली नव्हती. घड्याळ पाहण्याचा मोह झाला. पण घड्याळ घरी राहिले होते, बहुधा कोणीतरी ठेवून दिल्यामुळे.

पुढच्या रविवारी तिला किती गुण मिळाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. ३३८. दोन कमी. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "नजरअंदाज आहे, आबा. अंतिम आणेवारी अजून यायचीय," आणि हसली, आणि त्या हसण्याला वेळापत्रकात कोठेही जागा नव्हती. त्यानंतर आकडा हळूहळू चढला, मध्येच पडला, पुन्हा चढला; मार्चच्या अखेरीस ७० पैशांच्या घरात आला. हे रजेमुळे झाले, का रिव्हिजनमुळे, का निव्वळ दिवस सरत गेल्यामुळे, हे ठरविण्याची मला पात्रता नाही. शेजारच्या काकूंच्या मते ब्राह्मीमुळे. मधल्या काळात एकूण ९७ अर्ज आले, पैकी ३ नामंजूर झाले, ते तिन्ही अपिलात मंजूर झाले. एका अर्जात सिद्धेश्वराच्या यात्रेतील आकाशपाळण्याचा उल्लेख होता आणि सोबत आजोबांनाही न्यावे अशी पुरवणी मागणी होती. ती मी प्रवासभत्त्यासह मान्य केली.

परीक्षेचा रविवार मे महिन्यातला होता. दुपारी दोन ते पाच. फाटक दीडलाच बंद. आखूड बाह्यांचा कुडता आणि पायात साध्या चपला, पेनदेखील आतच मिळणार, अशी मुलगी आत गेली, आणि आम्ही शे-दीडशे पालक लातूरच्या त्या रणरणत्या उन्हात रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली दाटीवाटीने उभे राहिलो. कोणी जप करीत होते. एक गृहस्थ जे येतील त्यांना मागील पाच वर्षांचे कटऑफ ऐकवीत होते. मी स्कूटर सावलीला लावली, तिच्या आधाराने खाली उपरण्यावर बसलो, आणि पहिला तास भौतिकशास्त्र कसे जात असेल याचा विचार करण्याचे ठरविले. विचार कोठवर आला होता ते स्मरत नाही.

"आबा. अहो आबा."

डोळे उघडले तेव्हा सावली दुसऱ्या बाजूस गेली होती, गर्दी पांगत होती, आणि नात कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. पेपर कसा गेला हे मी विचारणार, तोच तिने उलट जाब विचारला.

"कधीपासून झोपलाय?"

"डोळा लागला जरा. असेल दोनच्या सुमारास."

"म्हणजे तीन तास. अर्ज कुठंय?"

अर्ज नव्हता. मी उठून उपरणे झटकले आणि, अधिकाऱ्यासमोर कारकुनाने जसे उभे राहावे तसा उभा राहून, कार्योत्तर मंजुरी मिळावी अशी विनंती केली. तिने क्षणभर गंभीरपणे विचार केला, इकडेतिकडे कागद शोधला, तो नाही असे पाहून स्कूटरच्या आसनावर जमलेल्या धुळीत बोटाने 'मंजूर' असे लिहिले आणि खाली फर्राटेदार सही केली. दिनांक घातला नव्हता. पण मी काही बोललो नाही.